पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला जाताना: बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीच्या वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची १३ वर्षांची मुलगी बुद्धिबळ खेळते, रेटिंग १८५० च्या आसपास. येत्या जुलैत झेक प्रजासत्ताकातली पार्दुबित्सेची चेक ओपन आणि ऑगस्टअखेर बार्सिलोनाची सांत्स ओपन अशा दोन स्पर्धा तिला खेळवायच्या आहेत. सोबत आई जाणार. घरातून आजवर कुणी परदेशी गेलेलं नाही. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा, शेतीच्या उत्पन्नावर तो मिळतो का, आणि एजंट म्हणतोय की 'डमी तिकीट लावू, खात्यात चार लाख महिनाभर फिरवू, बाकी मी बघतो', तर त्याचं ऐकावं का.

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ऐकू नका. मी सोळा वर्षं खेळाडूंच्या व्हिशाच्या फायली लावते आहे आणि त्यातली बरीच वर्षं मुलांच्या संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून प्रवासही करते आहे. शेंगेन व्हिशासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिशासाठी, तुमचा अर्ज नाकारला गेला, तर त्याची नोंद त्यांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत होते. ती पाच वर्षं राहते आणि शेंगेनचे सगळे २९ देश ती पाहू शकतात. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. म्हणजे तिच्या खेळाच्या सगळ्यात मोलाच्या वर्षांत, अठरावं लागेपर्यंत, एका खोट्या कागदाची सावली तिच्या प्रत्येक अर्जावर पडेल. चूक एजंटची असली तरी नाव तिचं लागतं.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला खोट्याची गरजच नाही. तुमच्याकडे जमीन आहे, बाग आहे, मुलीचं रेटिंग आहे, स्पर्धा खरी आहे. हे सगळं कागदावर नीट मांडायचं, एवढंच काम आहे. वकिलातीतला अधिकारी तुमच्या मुलीला बहुधा भेटणारच नाही. व्हिसा अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, कागद जमा करून घेतात, आणि निर्णय होतो तो फाइल वाचून. त्यामुळे फाइलीतले सगळे कागद एका सुरात बोलले पाहिजेत: कोण जातंय, कशासाठी, कुणाबरोबर, कुणाच्या पैशानं, आणि परत केव्हा येणार. एका कागदावर एक तारीख आणि दुसऱ्यावर दुसरी असली, की शंका तिथून सुरू होते.

आता देशाचं. तुम्ही लिहिलंय की विमान आधी प्रागला उतरणार म्हणून व्हिसा झेकचा. हा समज फार जणांचा असतो. नियम असा आहे की प्रवासात मुख्य मुक्काम ज्या देशात, म्हणजे जिथे जास्त दिवस राहणार किंवा जिथे जाण्याचं मुख्य कारण आहे, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील आणि कारणावरूनही ठरत नसेल, तरच पहिल्यांदा पाऊल ठेवता त्या देशाचा विचार. तुमच्या आराखड्यात पार्दुबित्सेला बारा दिवस आणि बाकीचे जवळपास पाच आठवडे स्पेनमध्ये आहेत. म्हणजे अर्ज स्पेनकडे. महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी तो मुंबईतल्या स्पेनच्या वकिलातीकडे जातो, आणि कागद स्वीकारण्याचं काम बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रात होतं. झेककडे अर्ज केलात तर 'अर्ज आमच्या अखत्यारीत येत नाही' म्हणून परत येईल आणि तोवर हातातले आठवडे गेलेले असतील.

पण त्याआधी माझं मत ऐका. पहिल्याच दौऱ्यात दोन देश आणि जवळपास सात आठवडे हे जास्त होतंय. पार्दुबित्से संपल्यावर सांत्स सुरू होईपर्यंत जवळजवळ महिना मोकळा राहतो. त्या महिन्याचा खर्च, तिचे आठवीचे बुडणारे वर्ग, आईला अनोळखी शहरात काढावे लागणारे दिवस, आणि अधिकाऱ्याच्या मनात येणारा साधा प्रश्न: स्पर्धा नसताना हे तिथे काय करणार? कातालुन्यात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, उन्हाळ्यात खुल्या स्पर्धा एकापाठोपाठ एक लागलेल्या असतात. ऑगस्टात सांत्सच्या आधीची एखादी स्पर्धा निवडा, मध्ये चार-पाच दिवस विश्रांतीचे ठेवा आणि महिन्याभरात घरी या. एक देश, दोन स्पर्धा. पार्दुबित्से कुठे पळून जात नाही.

रेटिंगबद्दलही थोडं मोकळेपणानं बोलते, कारण तुम्ही 'नॉर्म' हा शब्द वापरला आहे, म्हणजे किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी. नॉर्मसाठी परदेशी प्रतिस्पर्धी लागतात, म्हणून आपली मुलं युरोपात जातात हे खरं. पण आयएम (इंटरनॅशनल मास्टर) नॉर्मला साधारण २४५० ची कामगिरी लागते, ग्रँडमास्टर नॉर्मला २६०० ची. १८५० ला तो विषय अजून दूर आहे. तिला या दौऱ्यातून मिळणार आहे ते वेगळं: आपल्याकडच्या कमी रेटिंगच्या पण तगड्या मुलांशी सतत झुंजण्याऐवजी निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या पद्धतीनं खेळणाऱ्या माणसांसमोर दहा-दहा लांब डाव. त्यासाठी जाणं मला पूर्ण योग्य वाटतं. फक्त कव्हरिंग लेटरमध्ये 'नॉर्म मिळवण्यासाठी' असं लिहू नका. फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं, तिचं पान कुणीही उघडून पाहू शकतं, आणि ते वाक्य तिथेच खोटं ठरेल. या मोठ्या स्पर्धांत रेटिंगनुसार गट असतात. तिचा गट कोणता ते पाहून नाव नोंदवा, आणि पत्रांत तोच गट येऊ द्या.

पासपोर्ट आज रात्रीच कपाटातून काढा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे पालक विसरतात. नवव्या वर्षी काढलेला चौदाव्याला संपतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असला पाहिजे, गेल्या दहा वर्षांतला असला पाहिजे आणि दोन पानं कोरी हवीत. कमी पडत असेल तर आधी नवा काढा, कारण व्हिशाच्या अर्जापासून विम्यापर्यंत सगळीकडे तोच नंबर जाणार आहे.

पासपोर्ट हातात आहे तोवर नावं तपासा. आपल्याकडे मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव, मग आडनाव. पासपोर्टमध्ये बहुतेक वेळा 'नाव' या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं अशी दोन्ही येतात. फिडेच्या यादीत मात्र आडनाव आणि एकच नाव असतं. आयोजकांच्या पत्रात, तिकिटावर, विम्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या, अक्षर न अक्षर. खरी अडचण आईच्या नावाची असते. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, आईच्या पासपोर्टवर दुसरं, आणि काही घरांत लग्नात नावही बदललेलं असतं. स्पॅनिश अधिकाऱ्याला ही आपली रीत माहीत असेलच असं नाही. त्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळ्या बायकांची नावं आहेत, आणि एक परकी बाई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन निघाली आहे. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लावा, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत लावा, आणि कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत.

तुम्ही घरी राहणार असल्यानं तुमचं संमतीपत्र लागेल: माझी मुलगी तिच्या आईबरोबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत स्पेनला जायला माझी संमती आहे, खर्च मी करणार आहे. नोटरी करून, तुमच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत जोडून. मुलीच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या हव्यात. या संमतीपत्राचा नमुना वकिलातीच्या यादीप्रमाणेच घ्या. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टाइप करणारे आपल्या सवयीनं जमीन खरेदीच्या भाषेत मजकूर लिहितात, तो चालत नाही.

आयोजकांच्या निमंत्रणपत्राला मी फाइलीचा कणा मानते. नाव नोंदवून, फी भरून झाली की आयोजकांना साधी, मुद्देसूद मेल लिहा. पत्रात काय हवं ते तुम्हीच सांगा: मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, फिडे आयडी, गट, स्पर्धेच्या तारखा आणि ठिकाण, फी मिळाल्याचा उल्लेख, सोबत आई येणार हे आणि तिचा पासपोर्ट नंबर, खाली सही आणि आयोजकांचा संपर्क. आई हा उल्लेख पुष्कळ पत्रांत राहून जातो. मग मुलीची फाइल भक्कम आणि आईची लंगडी. आई नाही तर मुलगीही नाही, म्हणून दोन्ही फायली तेवढ्याच काळजीनं लावायच्या. मुलीच्या अर्जात प्रवासाचं कारण 'स्पोर्ट्स' येतं. आईच्या अर्जात मी 'अदर' निवडून पुढे 'स्पर्धेत खेळणाऱ्या अल्पवयीन मुलीसोबत' असं लिहिते.

पत्राबरोबर तिच्या खेळाचा पुरावा ठेवा. फिडेचं पान, राज्य संघटनेची किंवा अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी, गेल्या दोन वर्षांतले निकाल. सांगलीकडची मुलं इथे नशीबवान आहेत. भाऊसाहेब पडसलगीकरांनी रुजवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे त्या भागात लहानपणापासून स्पर्धा खेळायला मिळतात. ती प्रमाणपत्रं काढा, पण पंचवीस लावू नका. चार-पाच ठळक पुरेत. शाळेचं बोनाफाईड आणि मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र हवंच, त्यात 'अमुक तारखेला शाळेत हजर होईल' हे वाक्य असू द्या. परत येण्याचा तो सगळ्यात बोलका पुरावा आहे.

आता पैशांचं. इथे जरा थांबते, कारण नोकरदारांसाठी लिहिलेल्या याद्या शेतकऱ्याच्या घराला बसत नाहीत. पगाराची स्लिप नाही, ऑफिसची एनओसी नाही. त्यावरून लोक समजतात की शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही. मिळतो. मी ऊसवाल्यांच्या, केळीवाल्यांच्या, द्राक्षवाल्यांच्या मुलांच्या फायली लावल्या आहेत आणि व्हिसे मिळाले आहेत.

तुमची अडचण वेगळीच आहे. बागेचा पैसा वर्षभर थोडा थोडा येत नाही. जानेवारी ते एप्रिल छाटणीचा माल निघतो, व्यापारी एकदम लाखाची रक्कम खात्यात टाकतो, उरलेल्याचा बेदाणा होतो आणि सौद्याला जाईल तसा पैसा सुटतो. आता तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट युरोपातल्या माणसाच्या नजरेनं वाचा: फेब्रुवारीपर्यंत खात्यात चाळीस हजार, आणि मार्चमध्ये अचानक सहा लाख. व्हिशासाठी उसने आणलेले पैसे अगदी असेच दिसतात. तुमचा घामाचा पैसा आणि एजंटचा फिरवलेला पैसा कागदावर सारखाच दिसला, तर फरक तुम्ही दाखवायचा आहे.

तो असा दाखवा. स्टेटमेंट तीन नव्हे, बारा महिन्यांचं द्या, शक्य असेल तर दोन वर्षांचं, म्हणजे दर हंगामात पैसा याच सुमारास येतो हे दिसतं. मोठ्या प्रत्येक जमेसमोर पेन्सिलीनं क्रमांक टाका आणि त्याच क्रमांकानं व्यापाऱ्याची हिशोबपट्टी किंवा तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्याची पट्टी जोडा. शीतगृहात माल पडून असेल तर त्याची पावती. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा, इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि एका पानावर साध्या इंग्रजीत लिहा: माझ्याकडे इतके एकर बाग आहे, माल या महिन्यांत निघतो, म्हणून जमा या महिन्यांतच दिसते. हे एक पान मी प्रत्येक शेतकऱ्याच्या फाइलीत लावते. जिल्हा बँकेचं किंवा सोसायटीचं मराठी पासबुक असेल तर शाखेतून शिक्क्याचं छापील स्टेटमेंट मागा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत. तुम्ही भरत असाल तर गेल्या तीन वर्षांची जोडा. भरत नसाल तर यंदापासून शेतीचं उत्पन्न दाखवून भरायला लागा, मुलगी पुढे अजून खूप वेळा जाणार आहे. आणि एक सावधगिरी, जी कुठल्या यादीत नसते: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो आणि त्यावरचा आकडा फार लहान असतो. तो दाखला सहज म्हणून फाइलीत गेला आणि शेजारी दहा लाखांची पट्टी असली, तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. माझ्यासमोर असं झालेलं आहे. मागितला नसेल तो कागद जोडू नका, आणि जो जोडाल त्यातला आकडा खरा असू द्या.

कव्हरिंग लेटर तुमचं तुम्ही लिहा. माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगते. चार मुलांच्या फायली एकदम होत्या, घाईत एकच पत्र नाव बदलून चारदा छापलं. एका मुलाच्या पत्रात दुसऱ्याच्या स्पर्धेच्या तारखा राहिल्या. तिघांना व्हिसा मिळाला, त्याला नकार आला. कारणांच्या छापील यादीत 'प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही' या चौकोनावर खूण होती. पुन्हा अर्ज केला, व्हिसा आला, पण तेव्हा स्पर्धेच्या चार फेऱ्या होऊन गेल्या होत्या. त्या मुलानं वर्षभर त्या स्पर्धेची तयारी केली होती. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून फाइल बंद करण्याआधी दुसऱ्या माणसाकडून सगळ्या तारखा मोठ्यानं वाचून घेते. तुम्हीही घ्या. मुलीकडूनच वाचून घ्या, बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या नजरेला विसंगती लगेच दिसते.

तिकिटाबाबत: व्हिसा हातात येण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढायची सक्ती सहसा नसते, आरक्षण लागतं. ते विमान कंपनीकडून किंवा खऱ्या ट्रॅव्हल एजन्सीकडून पडताळता येईल असं घ्या. बनवलेलं पीडीएफ नको. राहण्याचं बुकिंग रद्द करता येण्यासारखं पण खरं असावं, आणि अर्ज टाकल्यावर ते लगेच रद्द करू नका. वकिलातीकडून हॉटेलला चौकशीची मेल गेल्याचं मी स्वतः पाहिलेलं आहे. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, प्रवासाच्या दोन्ही बाजूंना काही दिवस जास्त धरून.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. निर्णयाला पंधरा दिवस धरलेले असले तरी ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. शिवाय अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात, कारण एप्रिल ते जूनमध्ये सगळा महाराष्ट्र युरोप पाहायला निघालेला असतो. ऑगस्टच्या प्रवासासाठी एप्रिलअखेर फाइल आत गेलेली मला आवडेल. तुमच्या बागेचे पैसेही तोवर जमा झालेले असतात, पट्ट्या हातात असतात. म्हणजे फेब्रुवारीत नाव नोंदणी आणि निमंत्रणपत्र, मार्चपासून रोज सकाळी स्लॉट बघणं. स्लॉट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. पासपोर्टचा तपशील अनोळखी माणसाच्या हातात जातो, आणि ऐनवेळी अपॉइंटमेंट दुसऱ्याच नावावर निघते.

फी १२ वर्षांवरच्या सगळ्यांना ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ना-नफा संस्थेनं भरवलेल्या क्रीडा स्पर्धेत भाग घेणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या खेळाडूंना ही फी माफ करण्याची तरतूद शेंगेन नियमांत आहे. ती द्यायची की नाही हे वकिलातीच्या मर्जीवर आहे, तरी विचारून पाहा. आयोजक क्लब नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल तर तसं पत्रात लिहून मागा. ठसे बारा वर्षांवरच्यांचे घेतात, म्हणून मुलीला मुंबईला न्यावंच लागेल. तासगावहून रात्रीची गाडी करून सकाळी थेट रांगेत उभं करू नका. आदल्या दिवशी या, झोपा, मग जा.

व्हिसा आला की आनंदात पासपोर्ट मिटू नका. चिकटवलेल्या कागदावर दोन गोष्टी वेगळ्या छापलेल्या असतात: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि राहण्याचे दिवस किती. तारखांमध्ये चाळीस दिवस दिसतात आणि खाली दिवस पंचवीसच असतात, असं होतं. चालतात ते पंचवीस. नाव, पासपोर्ट नंबर, प्रवेश एक की अनेक, हे केंद्राच्या दारातच तपासा, चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा.

नकार आला तर? कारण कोणतं ते पाहा आणि त्या एकाच कारणावर काम करा. अपील करता येतं, पण स्पर्धा तोंडावर असताना त्याचा निकाल वेळेत येण्याची आशा कमी. कमी पडलेला कागद जोडून नवा अर्ज करणं मला जास्त उपयोगी पडलेलं आहे, आणि त्यात आधीच्या नकाराचा उल्लेख प्रामाणिकपणे करायचा. खचू नका. २०२४ च्या टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेआधी (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी ही स्पर्धा) खेळाडूंचे व्हिसे अडकले म्हणून फिडेला कॅनडा सरकारला जाहीर विनंती करावी लागली होती, आणि त्या स्पर्धेत आपला नाशिकचा विदित गुजराथी होता, गुकेश होता. जगातल्या पहिल्या रांगेतल्यांनाही यातून जावं लागतं.

हा पहिला व्हिसा नियमानं वापरलात तर पुढची वाट सोपी होते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असं धोरण आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेल्याला पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. वैध बहुप्रवेश शेंगेन व्हिशावर सर्बिया आणि जॉर्जियासारख्या देशांतही वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. सर्बियात आपली मुलं पुष्कळ खेळतात. जॉर्जियातल्या बातुमीत तर नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. फक्त जायच्या वेळचा नियम त्या-त्या वेळी पाहून घ्यायचा.

प्रवासाचं तिकीट निवडताना स्वस्ताई एवढंच पाहू नका. लंडनमार्गे जाणारं तिकीट कधी कधी बरंच स्वस्त दिसतं, पण भारतीयांना तिथून नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन विमानतळावरून बार्सिलोनाला जाणार असाल, तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावरच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेऊन प्रवेश नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याची नोंदणी करायला वेळ लागतो, म्हणून मधला वेळ तीन तासांच्या खाली नको. पहिल्या खेपेला मी आईबरोबर जाणाऱ्या मुलांना आखातातल्या एका शहरात विमान बदलून थेट बार्सिलोना असंच तिकीट सुचवते. एकदाच विमान बदलायचं, आणि इमिग्रेशन मुक्कामाच्या गावीच. निमंत्रणपत्र, बुकिंग, विमा, परतीचं तिकीट आणि तुमचं संमतीपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही. अधिकारी विचारतो तेव्हा बॅग विमानाच्या पोटात असते.

जेवणाचं: स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. शाकाहारी मुलीला दहा फेऱ्या ब्रेड-बटाट्यावर काढायला लावू नका. पोहे, भाजणी, मेतकूट, डाळ-तांदूळ, मसाले न्या. पण युरोपीय संघात प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. बागेतली द्राक्षं किंवा आंबेही नकोत, ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. तिथे सुपरमार्केटात दही, दूध, भाज्या सगळं मिळतं. छोटा राइस कुकर चालतो, वीज २३० व्होल्टचीच आहे, फक्त दोन गोल पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्या.

पहिल्या फेरीच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे तिथे संध्याकाळी सातला डाव रंगात आलेला असतो तेव्हा तिच्या शरीरासाठी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. अठराखालच्या, २३०० च्या आत रेटिंग असलेल्या मुलांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० आहे, थकलेल्या पहिल्या तीन फेऱ्यांत गेलेलं रेटिंग भरून काढायला पुढच्या दोन स्पर्धा जातात. तिकिटात वाचवलेले पैसे असे वसूल होतात.

आणि तिच्या आईला हे सांगा. खेळणाऱ्याला हॉलमध्ये फोन नेता येत नाही, आणि पालकांना बहुतेक ठिकाणी पहिल्या काही मिनिटांनंतर बाहेर जावं लागतं. डाव चाळीस मिनिटांत संपेल की पाच तासांत, कुणालाच माहीत नसतं. सांत्सची स्पर्धा कोचेरेस दे सांत्स या जुन्या ट्राम डेपोच्या इमारतीत होते, बाहेर ऐन शहराची वर्दळ. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी तिथे चालत जा, आत-बाहेरचे दरवाजे पाहा, आणि एक जागा ठरवा. डाव संपला की मुलीनं तिथेच येऊन थांबायचं, जिंकली तरी आणि हरली तरी. खोलीचा पत्ता आणि आईचा नंबर कागदावर लिहून तिच्या खिशात रोज असू द्या. पत्ता रोमन लिपीत लिहा, तिथल्या माणसाला वाचता येईल असा.